अंगण आणि हिरवळ

आपल्या जुन्या घरांत दारापुढें अंगण असे, हिरवळ नसे. सकाळीं तें झाडावें, सडा घालावा, आठवड्यांतून एकदोनदां शेणानें सारवावें, वर रांगोळीच्या चार रेघा काढाव्या. मध्यें तुळशीवृंदावन, एवढीच त्या अंगणाची शोभा. गवताचें पातें तेथें दिसलें तर तें उपटून टाकणें हें घरच्या बायकांचें आणि मुलांचें नित्याचें काम. त्याला कारणहि होतें. गवतांत विंचूकाट्याचें भय, पावसाळ्यांत सापाला आडोसा. शिवाय दारांत गवत माजलें म्हणजे त्या घरांतलीं माणसें परागंदा झालीं असें शेजारीपाजारी समजत. अशा समाजाला कोणी सांगितलें असतें कीं दारापुढें मुद्दाम गवत लावा, त्याला पाणी घाला, खत द्या, आणि तें वाढलें म्हणजे कापून फेंकून द्या, तर लोक हंसले असते. आज त्याच घराण्यांतलीं माणसें बंगल्यापुढें किंवा सोसायटीच्या आवारांत चार हात हिरवळ असावी म्हणून धडपडतात, आणि वैशाखांत ती पिवळी पडली कीं बेचैन होतात.

हा पालट कसा झाला तें आज पाहावयाचें आहे. ही केवळ गमतीची चौकशी नव्हे. हिरवळ निरोगी ठेवण्याचे जे नियम माळी सांगतात आणि पुस्तकें छापतात, त्यांतला जवळजवळ प्रत्येक नियम कोठल्या तरी देशाच्या हवेंतून किंवा कोणाच्या तरी गरजेंतून निघालेला आहे. तें मूळ ठाऊक नसलें तर नियम पाळूनहि गवत मरतें.

हिरवळीचें माहेर इंग्लंड. 'लॉन' हा शब्द मात्र इंग्रजांनीं जुन्या फ्रेंच भाषेंतून उचलला. रानांतली मोकळी, झाडें नसलेली जागा हा त्याचा मूळ अर्थ. अशा जागा मेंढ्या चरून आंखूड ठेवीत. तेथें गवत लावावें लागत नाहीं, तें येतेंच. आतां आपला असा समज असतो कीं इंग्लंडांत पाऊस फार, म्हणून तेथें हिरवळ. हा समज अर्धाच खरा आहे. लंडनला वर्षाकाठीं सुमारें ६०० मिलिमीटर पाऊस पडतो. पुण्याला त्याहून थोडा अधिकच पडतो! पण लंडनचा पाऊस बारा महिन्यांवर थोडथोडा वांटलेला आहे, आणि आपला चार महिन्यांत सारा संपतो. तिकडे ऊन सौम्य, हवा ओलसर, कडक उन्हाळा असा नाहींच. म्हणजे इंग्रजी हिरवळ पावसाच्या प्रमाणावर उभी नसून पावसाच्या वांटणीवर उभी आहे. पुढच्या सगळ्या घोटाळ्यांचें बीज येथें आहे.

श्रीमंतांनीं या चराऊ कुरणाला घरापर्यंत आणलें. फ्रान्सांत चौदाव्या लुईसाठीं ल नोत्र यानें व्हर्सायच्या बागेंत रचलेला गवताचा लांबच लांब पट्टा 'हिरवा गालिचा' याच नांवानें प्रसिद्ध आहे. इंग्लंडांत लँसेलट ब्राउन (१७१६–१७८३) यानें त्याहून पुढची मजल मारली. फुलांचे ताटवे आणि आंखीव वाटा काढून टाकून त्यानें गवत थेट वाड्याच्या भिंतीला नेऊन भिडविलें. गुरें दारापर्यंत येऊं नयेत म्हणून मध्यें एक खोल चर खणीत. वाड्याच्या बाजूनें तो उभा बांधलेला आणि पलीकडून उतरता, त्यामुळें खिडकींतून पाहणाराला कुंपण दिसतच नसे. या चराला 'हा-हा' असें मोठें विनोदी नांव आहे. दृश्य असें कीं जणूं सारी पृथ्वी आपल्याच मालकीची. आणि तोच तर हेतु होता. इतकी जमीन धान्य न पिकवितां नुसती हिरवी ठेवणें आणि ती कापण्यासाठीं माणसें पदरीं बाळगणें हें सामान्य गृहस्थाला परवडण्यासारखें नव्हतें. कापणी चाले ती लांब दांड्याच्या विळ्यानें, उभ्याउभ्या. पातें दंवानें ओलें असतांनाच नीट तुटतें, म्हणून हीं माणसें पहाटेपासून कामाला लागत. हात सारखा नसला तर जमिनीवर कोयरीसारखे चट्टे उठत. उत्तम कापणारा माणूस दुर्मिळच.

हें सारें बदललें तें १८३० सालीं, आणि बदल घडविणारा मनुष्य माळीहि नव्हता कीं सरदारहि नव्हता. ग्लॉस्टरशायर परगण्यांत स्ट्राउडजवळ थ्रप नांवाचें खेडें आहे. तो मुलूख लोंकरी कापडाच्या गिरण्यांचा. विणून आलेल्या बनातीवर जी लव उभी राहते ती सारखी कापण्यासाठीं तेथें एक यंत्र वापरीत. आडव्या रुळावर मळसूत्री पिळाचीं पातीं बसविलेलीं असत. रूळ फिरला कीं खालच्या स्थिर पात्याशीं त्यांची कात्री होऊन लव तुटे. एडविन बडिंग नांवाचा एक कारागीर अशा यंत्रांच्या सहवासांत वावरत होता. त्याच्या मनांत आलें कीं हा रूळ चाकांवर बसवून जमिनीवरून ढकलला तर? गवत म्हणजे तरी जमिनीची लवच. जॉन फेराबी नांवाच्या ओतशाळेच्या मालकाशीं त्यानें भागी केली आणि १८३० च्या ऑगस्टअखेर या यंत्राचें पेटंट त्याला मिळालें. यंत्र १९ इंच रुंद, ओतीव लोखंडाच्या दांत्यांच्या चाकांचें, वजनदार. मागून एकानें ढकलावें आणि जरूर तर पुढून दुसऱ्यानें ओढावें. पहिल्या गिऱ्हाइकांत लंडनच्या रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहाच्या बागेची गणना होते. १८३२ पासून इप्स्विचचे रॅन्सम हे कारखानदार परवाना घेऊन तें बनवूं लागले.

पेटंटाच्या मजकुरांत बडिंगनें एक मासलेवाईक वाक्य घातलें आहे. खेड्यांत राहणाऱ्या सभ्य गृहस्थांना स्वतः हें यंत्र चालविण्यांत करमणूक आणि उपयुक्त, आरोग्यकारक व्यायाम लाभेल, असा त्याचा आशय. विळा घेऊन पहाटे राबणाऱ्या माणसाचें काम यंत्रानें सोपें केलें, आणि सोपें होतांच तें मालकाच्या गळ्यांत पडलें. पुढें शंभर वर्षांनीं विलायतेंतला आणि अमेरिकेंतला मध्यम स्थितींतला गृहस्थ सुटीच्या दिवशीं घाम गाळीत यंत्र ढकलूं लागला, तो या वाक्याचा दूरचा परिणाम म्हणतां येईल. आणखी एक गोष्ट यंत्रानें केली. विळ्याला दंव लागे. यंत्राला गवत कोरडें असलेलें चाले. वेळेचें बंधन सुटलें. मोठ्या जागांसाठीं लवकरच तट्टें जुंपलीं जाऊं लागलीं, आणि खुरांचे ठसे उठूं नयेत म्हणून त्यांच्या पायांत चामड्याचे बूट घालूं लागले. आपल्याकडे पुढें सार्वजनिक बागांतून बैल जुंपीत. बैलांना बूट घातल्याचें मात्र कोठें वाचनांत नाहीं.

सपाट, आंखूड गवत हातीं आल्यावर त्याच्यावर खेळ आले. क्रोके आला, १८७४ सालीं मेजर विंगफील्ड यानें लॉन टेनिसचें पेटंट घेतलें, १८७७ मध्यें विंबल्डनला पहिली स्पर्धा झाली. ती स्पर्धा भरविण्याचें निमित्त काय, तर हिरवळीवर फिरवावयाचा तट्टानें ओढण्याचा रूळ मोडला होता आणि दुरुस्तीला पैसे हवे होते, असें सांगतात.

त्या काळची हिरवळ कशी होती याची एक मोजदाद सुदैवानें उपलब्ध आहे, आणि ती करणारा मनुष्य चार्ल्स डार्विन आहे. १८५९ सालच्या आपल्या जगप्रसिद्ध ग्रंथांत त्यानें एक लहानसा प्रयोग नमूद केला आहे. नेहमीं कापल्या जाणाऱ्या हिरवळीचा तीन फूट बाय चार फुटांचा तुकडा त्यानें न कापतां वाढूं दिला. त्यांत वीस जातींच्या वनस्पती होत्या. जोमदार जातींनीं दडपल्यामुळें नऊ जाती नष्ट झाल्या. डार्विनचा मुद्दा जीवनकलहाचा होता. आपण दुसरीकडे लक्ष देऊं. बारा चौरस फुटांत वीस जाती! म्हणजे ज्या इंग्रजी हिरवळीचा एवढा बोलबाला, ती एकाच गवताची कधींच नव्हती. तें एक लहानसें गांव होतें, आणि कापणारें पातें कोणा एकाला माजूं देत नसल्यामुळें तें गांव नांदत होतें.

एका जातीच्या, एका रंगाच्या, डाग नसलेल्या हिरवळीचा हट्ट अमेरिकेचा. १८७० सालीं फ्रँक स्कॉट या लेखकानें उपनगरांतील बागांवर एक ग्रंथ लिहून शेजाऱ्याशेजाऱ्यांतलीं कुंपणें काढावीं आणि गवत सलग दिसूं द्यावें असा उपदेश केला. तो इतका मानवला कीं गवत हा खासगी शौक न राहतां सार्वजनिक कर्तव्य झालें. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४७ पासून न्यूयॉर्कजवळ लेव्हिटटाउन ही हजारों सारख्या घरांची वसाहत उठली, तेव्हां गवत आठवड्याला एकदां कापण्याची अट घराच्या करारांतच घातलेली होती. त्याच देशांत पहिल्या महायुद्धाच्या काळांत, १९१८ सालीं, अध्यक्ष विल्सन यांनीं व्हाइट हाउसच्या हिरवळीवर मेंढ्या सोडल्या होत्या. माळ्यांचा खर्च वांचला, आणि लोंकरीच्या लिलांवांतून रेडक्रॉसला सुमारें ५२ हजार डॉलर मिळाले. मला तर हिरवळीच्या साऱ्या इतिहासांत याहून शहाणपणाचा कारभार आढळत नाहीं.

१९४५ नंतर रुंद पानांच्या वनस्पती मारणारें आणि गवताला धक्का न लावणारें '२,४-डी' हें औषध बाजारांत आलें. तोंवर हिरवळीच्या बियाण्यांत पांढऱ्या क्लोव्हरचें बीं आवर्जून मिसळीत. हें क्लोव्हर मेथीच्या कुळांतलें. त्याच्या मुळांवरच्या गांठी हवेंतला नत्र जमिनीला मिळवून देतात. म्हणजे घरचें फुकट खत. नवें औषध तण मारी, त्याबरोबर क्लोव्हरहि मारी. मग काय झालें? औषध वाईट ठरलें नाहीं, क्लोव्हर तण ठरलें! नत्राची तूट भरून काढण्यास पोत्यांतून खत विकत आणावें लागलें. जें तण नव्हतें तें तण झालें, आणि जें विकत नव्हतें तें विकत घ्यावें लागलें. १९६२ सालीं रेचेल कार्सन या विदुषीनें कीटकनाशकें आणि तणनाशकें यांविरुद्ध जो ग्रंथ लिहिला, त्यांत उपनगरांतल्या या हिरवळींचाहि समाचार घेतला आहे. तरीहि हट्ट गेला नाहीं. २००५ सालीं उपग्रहांच्या आधारें झालेल्या एका पाहणींत अमेरिकेंतील हिरवळीचें क्षेत्र सव्वा लाख चौरस किलोमीटरांहून अधिक भरलें. महाराष्ट्राच्या तिसऱ्या हिश्शाहून तें मोठें आहे.

आतां आपल्या देशाकडे वळूं. इंग्रज जेथें गेला तेथें हिरवळ बरोबर घेऊन गेला: छावणींतल्या बंगल्यापुढें, जिमखान्यांत, कलेक्टरच्या आवारांत. एवढेंच नव्हे, तर जेथें ती कधीं नव्हती तेथेंहि त्यानें ती घातली. ताजमहालापुढें आज जी मोकळी हिरवळ दिसते ती मोंगलांची नव्हे. मोंगल चारबाग म्हणजे फळझाडें, फुलें आणि छाया. उन्हांतून आलेल्या माणसाला थंडावा देणारी बाग. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती दाट रानासारखी वाढली होती. व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन (१८९९–१९०५) यांनीं डागडुजीचें जें मोठें काम काढलें, त्यांत हीं झाडें जाऊन त्या जागीं इंग्रजी बागेला साजेल अशी हिरवळ आली. डागडुजीबद्दल कर्झनसाहेबांचे आभारच मानले पाहिजेत. पण आग्र्याच्या जेठमहिन्यांत तेथें उभें राहिल्यावर झाडें कोणी तोडलीं हा प्रश्न मनांत आल्याशिवाय राहत नाहीं.

या हिरवळीसाठीं विलायतेहून बियाणें आणून पाहिलें तर तें थंडींत मोठ्या उमेदीनें उगवे आणि चैत्राच्या उन्हांत करपून जाई. अखेर साहेबाला देशी गवताचाच आश्रय करावा लागला. उत्तरेंत त्याला दूब म्हणतात. आपण हरळी म्हणतों, आणि देवघरांत नेली कीं तिलाच दूर्वा म्हणतों. लावण्याची रीतहि अगदीं देशी होती. हरळीच्या कांड्या बारीक चिरावयाच्या, माती, ताजें शेण आणि पाणी यांत कालवावयाच्या, आणि तो राबडा तयार केलेल्या जमिनीवर पसरावयाचा. म्हणजे हिरवळ लावीत नसत, सारवीत असत! जें शेण अंगणांत गवत उगवूं नये म्हणून फासलें जाई, तेंच येथें गवत उगवावें म्हणून फासूं लागले.

आणि ही हरळी म्हणजे कोण? शेतकऱ्याला विचारावें. देशावरच्या काळ्या रानांत हरळी आणि कुंदा हे दोन हाडवैरी. हरळी जमिनीवरून धांवते आणि जमिनीखालूनहि धांवते. प्रत्येक पेराला मूळ फुटतें, आणि खणतांना बोटभर तुकडा मागें राहिला तरी पुन्हां रान व्यापते. लांकडी नांगर खोल जात नसे. कुदळीनें हरळी काढतां काढतां माणसें जेरीस येत. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं लोखंडी नांगर केला, तेव्हां लोखंडानें जमीन विषारी होईल या समजुतीनें लोक तो घेईनात; पहिले चाळीस नांगर खपावयास दोन वर्षें लागलीं असें सांगतात. पुढें १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसली आणि तो नांगर गांवोगांव गेला. त्याच्या कीर्तीचें एक कारण हेंच कीं तो ढेंकूळ खोलवर उलटें करी आणि हरळीचीं मुळें उन्हाळ्याच्या उन्हांत उघडीं पाडी. नेमकी हीच चिकाटी बागवानाच्या कामाची ठरली. शेतकऱ्याचें संकट तें माळ्याचें भांडवल.

या चिकाटीचें रहस्य १९६६ सालीं उलगडूं लागलें. ऑस्ट्रेलियांत ब्रिस्बेन येथें हॅच आणि स्लॅक या दोघां संशोधकांनीं उसाचें पान सूर्यप्रकाशांत अन्न कसें तयार करतें तें शोधलें. गहू वगैरे वनस्पतींहून त्याची रीत निराळी निघाली. कडक ऊन आणि थोडें पाणी यांत ती सरस ठरते. ज्वारी, मका आणि आपली हरळी त्याच पंगतींतल्या. विलायती हिरवळीचीं गवतें गव्हाच्या पंगतींतलीं. म्हणून मे महिन्याचें ऊन एकाला मारतें आणि दुसऱ्याला मानवतें. अमेरिकेंत ग्लेन बर्टन या शास्त्रज्ञानें जॉर्जिया संस्थानांतल्या टिफ्टन गांवीं हरळीचा आफ्रिकेंतल्या दुसऱ्या एका जातीशीं संकर घडवून मैदानांसाठीं वाण काढले. त्यांतला १९६० सालचा 'टिफवे' फारच गाजला. त्याला बीं धरत नाहीं, कांड्यांनींच लावावा लागतो. आपल्याकडच्या गोल्फच्या मैदानांवर अशीं वाणें मोल देऊन आणतात. दूर्वाच त्या, परदेशांत शिकून आलेल्या!

हरळीचा हा स्वभाव कळला म्हणजे घरच्या हिरवळीचे बरेचसे प्रश्न आपोआप सुटतात. तिला ऊन हवें. आंब्याखालीं किंवा इमारतीच्या सावलींत ती विरळ होते, आणि तेथें खत-पाण्यानें कांहीं साधत नाहीं. अशा जागीं सावलींत वाढणारीं दुसरीं झाडें लावावीं हें बरें. सर्वांत मोठी चूक होते ती कापण्यांत. गोल्फच्या मैदानावर गवत तीन-चार मिलिमीटर ठेवतात, तें पाहून घरचा मालक माळ्याला 'अगदीं बारीक काप' म्हणून बजावतो. १९५५ सालीं अमेरिकन शेतकी खात्याच्या क्रायडर या संशोधकानें गवतें कांचेमागें वाढवून त्यांचीं मुळें पाहिलीं. एका कापणींत अर्धा किंवा त्याहून अधिक पाला गेला कीं बहुतेक गवतांच्या मुळांची वाढ थांबते, आणि छाटणी फारच खोल असली तर ती कित्येक दिवस सुरूच होत नाहीं, असें त्याला आढळलें. एका वेळीं एकतृतीयांशाहून अधिक कापूं नये या नियमाचा आधार हा. घरच्या हरळीला दोन बोटें उंची पुरे. पावसाळ्यांत वरचेवर कापावी, उन्हाळ्यांत क्वचित. बारीक कापलेला पाला तेथेंच पडूं दिला तर त्यांतला नत्र परत मातींत जातो. झाडून काढून कचऱ्याच्या गाडींत टाकणें आणि मग युरिया विकत आणणें यांत कसला आला हिशेब?

पाण्याची गोष्ट थोडी सावकाश सांगितली पाहिजे. रोज संध्याकाळीं नळीनें वरवर शिंपडलेलें पाणी वरच्या बोटभर मातींतच राहतें, मुळेंहि तेथेंच राहतात, आणि दोन दिवस नळ गेला कीं गवत मान टाकतें. त्यापेक्षां आठवड्यांतून एकदोनदां भरपूर देऊन जमीन वीतभर भिजूं द्यावी. आतां भरपूर म्हणजे किती? एक चौरस मीटरावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. हजार चौरस फुटांची हिरवळ सुमारें ९३ चौरस मीटरांची. उन्हाळ्यांत ती हिरवीगार ठेवावयाची तर दिवसाला पांच मिलिमीटर धरावे लागतील. म्हणजे रोजचें ४६५ लिटर. शहरांतल्या माणसाला दररोज १३५ लिटर पाणी मिळावें असें आपल्या देशांतलें प्रमाण आहे. तीन माणसांचें पाणी पिऊनहि ती हिरवळ थोडी तहानलेलीच राहील.

हा हिशेब महाराष्ट्रानें एकदां उघडपणें मांडलेला आहे. १२ एप्रिल २०१६ रोजीं मिरजेहून निघालेली पाण्याची पहिली आगगाडी दुष्काळानें सुकलेल्या लातूरला पोंचली. दहा वाघिणींत पांच लाख लिटर पाणी होतें. दुसऱ्याच दिवशीं मुंबईच्या उच्च न्यायालयानें ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यावेत असा हुकूम दिला. वाद होता तो मैदानें आणि खेळपट्ट्या यांना लागणाऱ्या पाण्याचा. सामने गेल्यानें लातूरच्या नळाला पाणी आलें नसतें, असें म्हणणारे पुष्कळ होते, आणि तें शब्दशः खरेंहि आहे. पण तहानेल्या मुलखांत कोणतें हिरवेपण कोणाच्या पाण्यावर उभें आहे हा प्रश्न त्या हुकुमानें प्रथमच दिवाणखान्यापर्यंत आणला.

यांतून वाट आहे, आणि ती हरळीनेंच दाखविलेली आहे. पाणी तुटलें कीं ती मरत नाहीं, निजते. पात्यें पिवळीं होतात, जमिनीखालचीं खोडें जिवंत राहतात, आणि मृगाचा एक चांगला पाऊस झाला कीं आठ-पंधरा दिवसांत सारी जमीन पुन्हां हिरवी होते. जिची मुळें उथळ पाण्यानें आणि बारीक कापणीनें आधींच दुबळीं केलेलीं नाहींत तीच हिरवळ अशी झोंप सुखानें घेऊं शकते. चैत्र-वैशाखांत तिच्यावर येणें-जाणें कमी करावें, कापणी बंद ठेवावी, दोन-तीन आठवड्यांनीं मुळें जिवंत राहतील एवढेंच पाणी द्यावें, आणि तिचा तपकिरी रंग पाहावयाची डोळ्यांना सवय लावावी. पुण्याकडे तर 'लॉन्स' या नांवाचीं मंगल कार्यालयें झालीं आहेत, आणि लग्नसराई नेमकी याच दिवसांत येते. तेथील व्यवस्थापकांना हा सल्ला पटणार नाहीं हें मी जाणतों. घरच्या हिरवळीवर मात्र कोणाचा शालू मिरवावयाचा नसतो.

गणेशचतुर्थीला याच हरळीचे तीन किंवा पांच पात्यांचे कोंवळे तुरे लागतात, एकवीस दूर्वांची जुडी. पुराणांतल्या कथेप्रमाणें अनलासुराला गिळल्यानें झालेला गणपतीच्या पोटांतला दाह दूर्वांनीं शमला. सतत कापल्या जाणाऱ्या हिरवळीवर असे लांब तुरे मिळत नाहींत. म्हणून दारापुढें हजार फूट हरळी असलेलीं घरेंहि भाद्रपदांत मंडईंत जाऊन जुडी विकत आणतात, आणि ती आलेली असते कुठल्या तरी शेताच्या बांधावरून, जेथें नांगर पोंचत नाहीं.